स्टेटसला कुणाचा फोटो?

इन्स्टाग्रामवर 'अर्काइव्ह' नावाची एक जागा असते. चोवीस तासांनी गायब झालेल्या आपल्या सगळ्या स्टोरीज तिथं तारखेनुसार पडून असतात. परवा ऑफिसात डेस्कवर काम नव्हतं, म्हणून मी माझं अर्काइव्ह उघडलं आणि मागं मागं जात राहिले. कॉलेजचे फेस्ट, मैत्रिणींचे बर्थडे, चहाचे उगाच काढलेले फोटो. असं करत करत थेट फेब्रुवारी २०१९ पर्यंत पोचले.

तिथं एक मेणबत्ती होती. मागं काळा बॅकग्राउंड, खाली तिरंगा आणि इंग्रजीत 'आम्ही विसरणार नाही' असं काहीतरी. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती स्टोरी. मी तेव्हा दहावीत होते, बोर्डाची परीक्षा दोन आठवड्यांवर आलेली, आणि अकाउंट आईच्या फोनवर चालायचं. पण आम्ही सगळे कॅन्डल मार्चला गेलो होतो. त्या चाळीसमधले दोन जण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. घोषणा देताना माझा आवाज बसला होता आणि मी खरंच रडले होते. तो दिखावा नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला तसं वाटू शकतं.

मग मी जानेवारी २०२१ उघडलं.

मी भंडारा जिल्ह्यातली आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. ज्या दवाखान्यात आमच्या अर्ध्या नातेवाइकांची पोरं जन्मली, तो हा दवाखाना. त्या दिवशी आमच्या घरात कुणी नीट जेवलं नव्हतं, एवढं मला आठवतं. म्हणजे वाईट वाटलं होतं. भरपूर वाटलं होतं.

अर्काइव्हमध्ये ९ जानेवारीला काहीच नाही. १० ला नाही. ११ ला एक मीम आहे. १५ जानेवारीला, म्हणजे आर्मी डेला, मात्र बर्फात उभ्या असलेल्या जवानाचा फोटो आणि सॅल्यूटचा इमोजी आहे.

मला स्वतःची लाज वाटली, असं लिहिणं सोपं आहे. खरं सांगायचं तर आधी आश्चर्य वाटलं. म्हणजे मी मुद्दाम तर काही केलं नव्हतं ना? मी काही बसून ठरवलं नव्हतं की चाळीस जवानांसाठी स्टोरी टाकायची आणि दहा बाळांसाठी नाही. मग हे ठरवलं कुणी?

माझा एक मित्र आहे. एनसीसीचा सीनियर, मोठा भाऊ आर्मीत. त्याला मी हे सगळं कँटीनमध्ये सांगितलं तर तो भडकलाच. "अबे, तू कशाची तुलना कशाशी करून राहिली? जवान स्वतःहून जातो. उद्या काय होऊ शकते हे माहीत असताना जाते तो. आग लागणं हा अपघात आहे. दोन्ही वाईट आहे, पण सारखं नाही."

त्याचं म्हणणं मी टाकून देणार नाही. त्याच्या घरी रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला की आई आधी देवघराकडं बघते आणि मग फोन उचलते, हे मी त्याच्याकडूनच ऐकलंय. जो माणूस आपल्या वतीनं धोका पत्करतो त्याला समाजानं वेगळा मान द्यावा, यात चूक काही नाही. तिरंग्यात लपेटलेली पेटी, बंदुकांची सलामी, अख्खा गाव रस्त्याच्या कडेला उभा. हे असायलाच हवं. शहिदांना कमी मिळावं असं या लेखात कुठंही म्हटलेलं नाही. तरीही कुणीतरी तसा स्क्रीनशॉट काढेल, काढू दे.

माझा प्रश्न मानाबद्दल नाहीच, लक्षाबद्दल आहे. मान आणि लक्ष या दोन गोष्टी आपण एकत्र कालवून टाकल्यात.

आता एक तारीख बघा. पुलवामानंतर बरोबर एक महिन्यानं, १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी मुंबईत सीएसएमटी स्टेशनबाहेरचा पादचारी पूल कोसळला. सहा जण गेले, तीसच्या आसपास जखमी झाले. गेलेल्यांमध्ये रात्रपाळीला निघालेल्या हॉस्पिटलच्या कर्मचारी बायका होत्या. म्हणजे त्याही ड्युटीवरच चालल्या होत्या. या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट आधीच झालं होतं आणि ऑडिटमध्ये पूल चांगला असल्याचं, किरकोळ दुरुस्ती पुरेशी असल्याचं म्हटलं होतं. नंतर ऑडिटरला अटक झाली.

पुलवामानंतर आपण विचारलं, कुणी केलं? उत्तर मिळालं, आणि बाराव्या दिवशी बालाकोट झालं. राग कुठं न्यायचा हे आपल्याला माहीत होतं. पण पुलाचा राग कुठं न्यायचा? ऑडिटरवर? महापालिकेवर? रेल्वेवर? पूल नेमका कुणाचा यावरच पहिल्या रात्री टोलवाटोलवी चालली होती. टेंडर, ऑडिट, देखभाल, निधी या शब्दांवर घोषणा बनत नाही. 'देखभाल दुरुस्ती विभाग मुर्दाबाद' असं ओरडत कोण मेणबत्ती घेऊन निघणार?

आणि नीट शोधत गेलं तर बोट कुठं जातं? आपण निवडून दिलेल्या लोकांकडं, आपण कधीच वाचत नसलेल्या बजेटकडं, कधीतरी आपल्याच शेजारच्या काकांकडं, जे त्या खात्यात क्लार्क आहेत. शत्रू बाहेरचा असला की दुःख सोपं होतं, असं मला वाटतं. तो घरातला असला की आपण पटकन 'नशीब' म्हणतो.

माझं हे म्हणणं नुसतं वर्दीवर अडकलेलं नाही, हे पहलगामनं दाखवलं. २२ एप्रिल २०२५ ला तिथं २६ जण मारले गेले. त्यातले बहुतेक जण जवान नव्हते, साधे लोक होते, फिरायला गेलेले. त्यात सहा जण महाराष्ट्रातले. देश थांबला, आणि थांबायलाच हवा होता. डोंबिवलीच्या, पुण्याच्या, पनवेलच्या रस्त्यांवर लोक उभे राहिले. म्हणजे साध्या माणसाच्या मरणाकडं आपण बघतच नाही असं नाही. कुणी मारलं हे बोटानं दाखवता आलं की बघतो.

उलट्या बाजूनंही तेच. वर्दी आहे पण गोष्टीत शत्रू नाही, असं मरण आपल्याला किती दिवस आठवतं? सियाचेनमध्ये १९८४ पासून गोळीपेक्षा बर्फ, थंडी आणि उंचीनं जास्त जवान नेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर तिथं गेला. दोन दिवस चर्चा झाली, तीही त्याच्याबद्दल कमी आणि अग्निवीरच्या घरच्यांना पेन्शन मिळते की नाही यावर जास्त. (नियमित जवानाच्या कुटुंबासारखी मिळत नाही.) मग राजकारणाची दोन टोकं एकमेकांवर ओरडली आणि विषय संपला. पुलगावचं तर विदर्भाबाहेर किती जणांना आठवतं, देव जाणे. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. पंधराहून जास्त लोक गेले. दोन लष्करी अधिकारी होते, पण बहुतेक जण आग विझवायला आत गेलेले अग्निशमन दलाचे कर्मचारी होते. धोका माहीत असताना आत गेले. माझ्या मित्राची जी अट आहे, तीत शंभर टक्के बसणारे.

'शहीद' या शब्दाचंच घ्या. आपण तो रोज वापरतो, पण सैन्यासाठी किंवा निमलष्करी दलांसाठी त्याची अशी कुठलीही सरकारी व्याख्या नाही, हे केंद्र सरकारनं संसदेत सांगितलेलं आहे. ज्या सीआरपीएफसाठी मी दहावीत घसा बसवला, त्यात २००४ नंतर भरती झालेल्यांना सैन्यासारखी जुनी पेन्शन लागू नाही आणि त्यावरून कोर्टात वाद चाललाय, हे मला मास कॉमला आल्यावर, एका असाइनमेंटच्या निमित्तानं कळलं. मेणबत्ती लावताना यातलं काहीच माहीत नव्हतं. आपलं लक्ष जवानापर्यंत तरी नीट पोचतं का? की ते पेटीवरच्या झेंड्यापाशीच थांबतं?

एक गोष्ट मला सारखी आठवते. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला नक्षलवाद्यांनी सुरुंग लावून पोलिसांची गाडी उडवली. १५ पोलीस जवान गेले. त्यात आमच्या भंडारा जिल्ह्यातलेही होते. गाडी खासगी होती, आणि ती चालवणारा एक ड्रायव्हर होता. तोही गेला. स्फोट एकच, गाडी एकच, सेकंदही तोच. पण बऱ्याच बातम्यांचा मथळा होता '१५ जवान शहीद', आणि ड्रायव्हर खाली मजकुरात, 'तसेच एका खासगी चालकाचाही'. तो 'तसेच' मला तेव्हा दिसला नव्हता. आता डेस्कवर दिवसभर कॉपी वाचते, त्यामुळे 'तसेच', 'अन्य', 'इतर' हे शब्द दिसले की थांबायला होतं. तिथं नेहमी कुणीतरी माणूस असतो.

आता आमच्या धंद्याबद्दल. मी इंटर्न आहे, सहा महिनेच झालेत, त्यामुळे फार शहाणपणा शिकवणार नाही. पण एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कळली. जवान जातो तेव्हा बातमी तयार होऊन येते. दलाकडून नाव येतं, हुद्दा येतो, गावाचं नाव आणि वर्दीतला एक स्वच्छ फोटो येतो. पार्थिव किती वाजता कुठल्या विमानतळावर, अंत्यसंस्कार किती वाजता कुठल्या मैदानावर, पालकमंत्री येणार का, सगळं. फोटोग्राफरला कुठं उभं राहायचं ते माहीत असतं. पान लावणाऱ्यालाही माहीत असतं की उद्या चार कॉलम लागणार.

कारखान्यात स्फोट झाला की काय येतं? दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलेली हातानं लिहिलेली यादी. नावं चुकलेली, वयं अंदाजे, आडनाव एकाचं दुसऱ्याला. फोटो मिळाला तर आधार कार्डावरचा. नातेवाइकांना आत सोडत नाहीत, अधिकारी फोन उचलत नाहीत आणि 'चौकशी सुरू आहे' यापलीकडं कुणी बोलत नाही. तीन दिवसांनी ती माणसं 'मृतांचा आकडा' होतात. दहाव्या दिवशी फॉलोअप द्यायचा म्हटलं तर सिंगल कॉलमला जागा मागावी लागते. यात कुणी दुष्ट नाहीये. एका सीनियर सरांनी मला चहा पिता पिता सांगितलं, "बातमी तिथंच मोठी होते जिथं उद्या काय होणार ते ठाऊक असतं." जवानाच्या मरणाला उद्या असतो: अंत्ययात्रा, सलामी, तेरावा, स्मारक, रस्त्याला नाव. मजुराच्या मरणाला सरकारनं जाहीर केलेली मदत असते, पाच लाख किंवा काय ती, आणि ती जाहीर झाली की गोष्ट संपली असं सगळे धरून चालतात.

तर आता २४ जानेवारी.

नागपूरहून भंडाऱ्याला येताना, भंडाऱ्याच्या अलीकडं जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. आमच्याकडं तिला नुसतंच 'फॅक्टरी' म्हणतात. सैन्याच्या दारूगोळ्याला लागणारी स्फोटकं आणि प्रोपेलंट तिथं बनतात. आमच्या भागात मुलीसाठी स्थळ आलं आणि मुलगा फॅक्टरीत आहे म्हटलं की बाकी चौकशी थोडक्यात उरकतात, इतकी ती नोकरी मानाची. माझे मामाजी तिथं आहेत.

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार, सकाळी तिथं स्फोट झाला. इमारतीचं छत खाली आलं, आत तेराजण अडकले. आठ गेले, पाच जखमी झाले. आवाज कित्येक किलोमीटरपर्यंत गेला. मी नागपूरला लेक्चरमध्ये होते. आईचा फोन तीनदा आला, मी तीनदा कट केला, मग मेसेज बघितला आणि वर्गातून पळत बाहेर आले. मामाजींचा फोन लागत नव्हता. (आत फोन नेता येत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी लावतच होते.) दोन तासांनी कळलं की ते दुसऱ्या सेक्शनला होते. मी जिन्यातच बसून राहिले. मग बातम्या बघायला लागले तर यादी आली होती. त्यात माझ्या वयाची मुलंसुद्धा होती.

दोन दिवसांनी २६ जानेवारी. कॉलेजात झेंडावंदन झालं, सैन्याच्या शौर्यावर भाषण झालं, देशासाठी प्राण देणाऱ्या जवानांसाठी दोन मिनिटं मौन झालं. मी त्या मौनात उभी होते आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. ज्या तोफेचं आपण कौतुक करतोय, तिच्या गोळ्यात जे भरतात, ते भरणारे आठ लोक परवा इथून तासाभराच्या अंतरावर गेले. ते देशासाठी नव्हते का? कॉलेजवर मी राग धरला नाही. कार्यक्रम पत्रिका आठवडाभर आधी ठरलेली असणार. पण एक ओळ वाढवायला किती वेळ लागतो?

संध्याकाळी मामाजींशी बोलले. म्हणाले, "का सांगू बाई, माल सीमेवर गेला का त्याचं नाव होते. बनवणाऱ्याचं नाव कोण विचारते?" एवढंच बोलले आणि मग माझ्या परीक्षेची चौकशी करत बसले. सोमवारी ते पुन्हा ड्युटीवर गेले. काय करणार?

त्याच्या एक वर्ष आधी, जानेवारी २०२४ मध्येही त्याच फॅक्टरीत स्फोट होऊन एक कर्मचारी गेला होता. नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला नऊ कामगार गेले, त्यातल्या सहा बायका. आसपासच्या गावांतून सकाळी डबा घेऊन निघणाऱ्या पोरी. त्यानंतर सहा महिन्यांत, जून २०२४ ला, धामण्याच्या कारखान्यात पुन्हा तेच, तिथंही बायकाच जास्त. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावलाच जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जण गेले, त्यातले बरेचसे रोजंदारीवरचे मजूर. नागपूर, वर्धा, भंडारा एवढ्याशा पट्ट्यात देशाच्या संरक्षणासाठी किती साधी माणसं गेली याची बेरीज मी कुठल्या भाषणात ऐकली नाही. सैनिक आणि साधा माणूस अशी जी रेघ आपण मारतो, तिच्या बरोब्बर मधोमध ही माणसं उभी आहेत. आणि म्हणून दोन्हीकडून सुटतात.

मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं, समज आपण सगळे कॅन्डल मार्च काढले. प्रत्येक अपघाताला. काय होणार त्यानं?"

प्रश्न बरोबर आहे. मुंबईच्या लोकलच्या रुळांवर दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास लोक मरतात. रोज सहा-सात. रोज मेणबत्ती लावायची म्हटलं तर कामधंदा सोडावा लागेल. रोजच्या मरणाला आपण सरावतो, तसं सरावलं नाही तर माणूस जगूच शकणार नाही. हे मला मान्य आहे.

पण लक्ष दिल्यानं काय होतं, याचंही एक उदाहरण आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, २३ जण गेले. पूल अरुंद आहे, मोठा करा, अशी मागणी लोक वर्षानुवर्षं करत होते. त्या वेळी मात्र मुंबई चिडली आणि चिडलेलीच राहिली. शेवटी नवा पूल बांधायला बोलावलं कुणाला? लष्कराला. एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवली, असे तीन पूल लष्करानं बांधले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, ते सुरू झाले. पादचारी पूल बांधणं हे लष्कराचं काम आहे का, यावर तेव्हा टीकाही झाली आणि ती चुकीची नव्हती. पण पाच महिन्यांत पूल होऊ शकतो हे तर कळलं ना?

आणि लक्ष हटलं की काय होतं? भंडाऱ्याच्या आगीनंतर राज्यभरातल्या हॉस्पिटलांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. मग कोविडची दुसरी लाट आली आणि आपण सगळेच दुसरीकडं वळलो. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकमध्ये महापालिकेच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनची गळती झाली, वीसहून जास्त पेशंट गेले. दोनच दिवसांनी विरारच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत आग लागली, त्यात पंधरा. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत आग लागली, त्यात अकरा. दहा महिन्यांत एकाच राज्यात निदान चार वेळा, बरं व्हायला आलेली माणसं हॉस्पिटलमध्ये अशी गेली. नगरच्या वेळी भंडाऱ्याचं नाव बातम्यांत एका ओळीत येऊन गेलं, 'यापूर्वीही' असं म्हणत. 'तसेच'चा भाऊ.

मी मित्राला म्हटलं, मला मार्च नकोच आहेत. मला एवढंच हवंय की विचारणारं कुणीतरी असावं. जवानाला मान द्यायचा असतो, तो आपण देतो. या लोकांचं मागणं मानाचं नाहीच, उत्तराचं आहे. काय झालं, कशानं झालं, कुणाची सही होती, आणि आता तिथं जे काम करतायत त्यांच्यासाठी काय बदललं. उत्तर मागायला अकराशे फॉलोअर्स लागत नाहीत.

"मग तू विचारलं का?" तो म्हणाला.

नव्हतं विचारलं. हे मात्र झोंबलं. वर्ष होत आलं, पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणवून घेते, मामाजी त्याच फॅक्टरीत, आणि चौकशीचं पुढं काय झालं हे मी एकदाही कागदावर विचारलं नव्हतं. रोज पुलवामाचं आणि पुलाचं तत्त्वज्ञान कँटीनमध्ये ऐकवत होते.

या ९ जानेवारीला बाळांच्या आगीला पाच वर्षं झाली. शाळेच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर, फॅमिली ग्रुपवर मी दिवसभर लक्ष ठेवून होते. काही आलं नाही. मीही काही टाकलं नाही, मुद्दामच, कारण मला बघायचं होतं. १५ तारखेला आर्मी डेचे मेसेज सकाळी साडेसहापासून सुरू झाले. त्यातला एक माझ्या मित्राचा होता, भावाचा फोटो लावलेला. मी त्याला हार्ट दिलं. भाऊ देखणा आहे, आणि सुखरूप आहे.

त्याआधीच, २ जानेवारीला, आम्ही दोघं पोस्टात गेलो होतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. पोस्टल ऑर्डर कशी मागतात हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, काउंटरवरच्या मॅडमनी दोनदा विचारलं, "नोकरीचा फॉर्म आहे का?" अर्जात चार प्रश्न आहेत. चौकशी समितीचा अहवाल आला का, त्यात स्फोटाचं कारण काय दिलंय, गेलेल्या आठ जणांच्या घरी आतापर्यंत काय मिळालं आणि त्या सेक्शनचं काम आता कुठल्या नव्या नियमांनी चालतं. संरक्षणाचं खातं आहे, त्यामुळे सुरक्षेचं कारण सांगून काही नाकारतील, हे डेस्कवरच्या सरांनी आधीच सांगून ठेवलंय. "नाकारलं तर अपील कर," हेही त्यांनीच सांगितलं. पोस्टल ऑर्डरचे दहा रुपये मित्रानं भरले. मामाजींना यातलं काही सांगितलेलं नाही, हा लेख वाचून ते आईला फोन करतील.

उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. आज सोळावा आहे.